उडत्या नौकेचा आद्य नमुना आणि ओझरची परंपरा : एक चिकित्सा

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील ओझर या गावाची ओळख गेली सहा दशके एका परदेशी विमानाच्या नावाने होत आली आहे. ‘ओझर मिग’ हा शब्दप्रयोग पंचक्रोशीत इतका रुळला आहे, की मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय वायुसेनेतून निवृत्त झाले तरी तो लोकांच्या तोंडून जाण्याचे कारण नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या येथील कारखान्याने मिग-२१, मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय ही विमाने शेकड्यांनी बांधली. या कामगिरीविषयी बोलताना मात्र दोन ठरावीक सूर ऐकू येतात. एक सूर केवळ संख्येच्या अभिमानाचा असतो. दुसरा, ‘हे तर नुसते सुटे भाग जोडणे’ असे म्हणून सारे काही मोडीत काढणारा असतो. दोन्ही सूर एका मूलभूत प्रश्नाला बगल देतात. विमान बांधणे आणि विमान घडवणे यांत फरक कोणता, आणि तो फरक कोणत्या कसोटीवर पारखावा, हा तो प्रश्न होय.

या फरकाची पारख करण्यासाठी प्रस्तुत लेखात एका वेगळ्या विमानाच्या जडणघडणीचा परामर्श घेतला आहे. ते विमान म्हणजे जपानमध्ये विकसित झालेली लष्करी उडती नौका होय. ही निवड दोन कारणांनी सयुक्तिक ठरते. ओझरचा कारखाना ज्या वर्षांत आकाराला आला, नेमक्या त्याच वर्षांत हा नमुनाही घडत होता. शिवाय त्याच वंशातील ‘यूएस-२’ हे विमान भारतीय नौदलासाठी घ्यावे आणि त्याची बांधणी भारतात व्हावी, अशी चर्चा २०१३ नंतर अनेक वर्षे चालली. तेव्हा हा विषय दूरदेशीचा असला, तरी त्याचे धागेदोरे भारतीय विमान-उद्योगापर्यंत येऊन पोचतात.

नमुना म्हणजे काय?

विमानविद्येत ‘प्रोटोटाइप’ अथवा आद्य नमुना हा शब्द सैलपणे वापरला जातो. पुढे तयार होणाऱ्या मालाची पहिली प्रत, एवढाच त्याचा अर्थ घेतला तर नमुन्याचे महत्त्व ध्यानात येत नाही. नमुना हा वास्तविक निसर्गाला विचारलेला प्रश्न असतो. आकडेमोड, वातबोगद्यातील चाचण्या आणि पूर्वानुभव यांच्या आधारे अभियंते काही गृहीतके मांडतात. ती खरी की खोटी, हे नमुना हवेत अथवा पाण्यात गेल्यावरच कळते. म्हणून नमुन्याची समीक्षा तीन अंगांनी करावी लागते. त्याने विचारलेला प्रश्न स्पष्ट होता काय? उत्तर प्रतिकूल आले तेव्हा ते प्रामाणिकपणे स्वीकारले गेले काय? आणि त्यातून हाती आलेले ज्ञान पुढच्या यंत्रापर्यंत पोचले काय? नमुना उडाला किंवा पडला, ही बाब या तीन कसोट्यांच्या तुलनेत दुय्यम ठरते.

उडत्या नौकेच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट असतो, कारण तिला दोन परस्परविरोधी माध्यमांना तोंड द्यावे लागते. हवेसाठी अंग निमुळते व सफाईदार हवे. पाण्यासाठी बूड रुंद, खोल आणि कंगोऱ्यांचे हवे. बुडाच्या मध्याजवळ एक पायरी ठेवावी लागते. ती नसेल तर पाणी बुडाला चिकटून राहते आणि विमान पाण्यावरून सुटत नाही. ही पायरी पुन्हा हवेत अडथळा निर्माण करते. पाण्यावर वेग घेताना उसळणारे तुषार पंख्यांवर आदळले तर पाती झिजतात आणि इंजिनाची शक्ती घटते. सर्वांत मोठा धोका लाटांचा. लाटेवर आदळण्याचा आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उतरण्याचा वेग निम्मा झाला तर आघाताची ऊर्जा एक-चतुर्थांश होते. म्हणजेच खवळलेल्या समुद्रावर उतरायचे, तर प्रथम हवेत अत्यंत संथपणे उडता आले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रकारच्या विमानांची पीछेहाट झाली. युद्धकाळात जगभर लांब धावपट्ट्या झाल्या आणि पाण्यावर उतरण्याची निकड ओसरली. ब्रिटनमधील साँडर्स-रो कंपनीने एसआर.ए/१ हे जेट लढाऊ जलविमान १६ जुलै १९४७ रोजी उडवले. त्याचे तीन नमुने तयार झाले आणि काम तेथेच थांबले. अमेरिकेतील मार्टिन कंपनीच्या ‘सीमास्टर’ या जेट उडत्या नौकेचे पहिले उड्डाण १९५५ मध्ये झाले. तिचे दोन्ही आद्य नमुने अपघातात नष्ट झाले आणि १९५९ मध्ये तो प्रकल्प गुंडाळण्यात आला. अशा काळात जपानने नव्याने उडती नौका घडवण्यास हात घातला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जपानी नमुन्याची वाटचाल

युद्धकाळात कावानिशी या कंपनीने एच८के ही चार इंजिनांची मोठी उडती नौका बनवली होती. तिचा पहिला नमुना पाण्यावर अस्थिर ठरला होता. अंग अधिक खोल करून आणि बुडाचा आकार बदलून हा दोष दूर करण्यात आला. या नौकेचे आरेखक शिझुओ किकुहारा होते. पराभवानंतर जपानवर विमान-निर्मितीची बंदी आली. ती १९५२ मध्ये उठली. कावानिशीचे रूपांतर शिन मेईवा या कंपनीत झाले आणि किकुहारा यांनी उडत्या नौकेचा विषय पुन्हा हाती घेतला.

त्यांच्या चमूने थेट मोठे विमान बांधण्याची घाई केली नाही, ही येथील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. अमेरिकी नौदलाकडून मिळालेले ग्रुमन ‘अल्बाट्रॉस’ हे उभयचर विमान घेऊन त्यांनी त्याचा कायापालट केला. नवे बूड, वाढवलेली इंजिने, उंच शेपूट आणि पंखांवरून हवा फुंकण्यासाठी स्वतंत्र लहान टर्बाइने असे बदल करून ‘यूएफ-एक्सएस’ हे प्रायोगिक विमान १९६२ मध्ये उडवण्यात आले. कोणाला विकण्यासाठी वा सैन्यात दाखल करण्यासाठी ते नव्हतेच. संथ उड्डाण कितपत साधते आणि तुषार कसे आवरतात, एवढेच त्याला विचारायचे होते.

यानंतर पीएक्स-एस हा मुख्य नमुना ५ ऑक्टोबर १९६७ रोजी उडाला. त्याला चार टर्बोप्रॉप इंजिने होती. शिवाय एक पाचवे इंजिन केवळ झडपांवरून आणि शेपटीच्या पृष्ठांवरून हवेचा झोत सोडण्यासाठी होते. त्यामुळे पंखाला चिकटून वाहणारा हवेचा थर संथ वेगातही सुटत नसे आणि ताशी सुमारे शंभर किलोमीटर इतक्या कमी वेगाने पाण्यावर टेकता येई. पुढील भागाच्या कडेला ठेवलेली खाच तुषारांना वळवून मागे नेई. तीन मीटर उंचीच्या लाटांत उतरण्याची क्षमता या संयोगातून आली. पहिल्या कसोटीवर हा नमुना निर्विवाद उतरतो. प्रश्न स्पष्ट होता आणि उत्तरही स्पष्ट मिळाले.

परंतु हे यश अर्धेच होते. ‘पीएस-१’ या नावाने सेवेत आलेल्या या विमानाचे काम पाणबुड्या शोधण्याचे होते. समुद्रावर ठिकठिकाणी उतरावे, ध्वनिशोधक यंत्र पाण्यात सोडावे, कानोसा घ्यावा आणि पुन्हा उडावे, अशी ती कल्पना होती. अभियंत्यांनी समुद्रावर उतरण्याचा प्रश्न सोडवला. पण समुद्रावर उतरण्याची गरजच पुढे उरली नाही. हवेतून टाकता येणारे ध्वनिशोधक तरंगक सुधारत गेले आणि जमिनीवरील विमाने तेच काम कमी खर्चात व कमी जोखमीत करू लागली. पीएस-१ विमानांना अपघातही झाले. दोन नमुने धरून २३ विमानांवर ही मालिका संपली आणि पाणबुडीशोधासाठी जपानने अमेरिकेचे पी-३सी ‘ओरायन’ हे विमान निवडले. ते जपानमध्ये परवान्याखाली बांधण्यात आले. स्वतंत्र निर्मितीचा आदर्श म्हणून जपानकडे बोट दाखवणाऱ्यांनी हा तपशील नजरेआड करू नये. स्वतः घडवलेल्या विमानाची जागा तेथेही परवान्याखालील विमानाने घेतली.

तथापि तिसरी कसोटी येथेच लागू होते. पीएस-१ केवळ पाण्यातून किनाऱ्यावर चढण्यापुरती चाके घेऊन आले होते. धावपट्टीवर उतरणे त्याला शक्य नव्हते. त्याच अंगाला पूर्ण वाढीची चाके देऊन आणि पाणबुडीशोधाची सामग्री काढून ‘यूएस-१’ हे बचावकार्याचे उभयचर विमान १९७४ मध्ये उडवण्यात आले. त्याची सुधारित आवृत्ती, म्हणजे पुढचे ‘यूएस-२’, १८ डिसेंबर २००३ रोजी उडाली आणि २००७ मध्ये सेवेत आली. जून २०१३ मध्ये पॅसिफिक महासागरात शिडाची नौका सोडून द्यावी लागलेल्या दोघा जणांना या विमानाने खवळलेल्या समुद्रावर उतरून सोडवून आणले. शत्रूच्या पाणबुड्यांसाठी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बुडणाऱ्या माणसांच्या उपयोगी पडले. हेतू फसला, पण ज्ञान वाया गेले नाही.

तीच वर्षे, भारतातील चित्र

भारताला उडत्या नौका अपरिचित नव्हत्या. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. नाशिक जिल्ह्यातील रावळगावचा साखर कारखानाही वालचंदांनीच उभारलेला. महायुद्धाच्या काळात बंगळूरच्या या कारखान्यात ‘कॅटालिना’ उडत्या नौकांची दुरुस्ती होत असे. १९५३ मध्ये भारतीय नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवातही ‘सीलँड’ या ब्रिटिश उभयचर विमानांनीच झाली. अशी विमाने भारताने दुरुस्त केली आणि उडवली. घडवण्याचा प्रयत्न मात्र केला नाही.

याचे कारण ज्ञानाचा अभाव असे देणे सोपे असले, तरी ते पुरेसे नाही. कोल्हापूर परिसरातून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन केले होते. पृष्ठभागालगतच्या हवेच्या थराचा, म्हणजे सीमास्तराचा, सिद्धान्त प्रांट्ल यांनीच १९०४ मध्ये मांडला. जपानी उडत्या नौकेचे संथ उड्डाण याच सिद्धान्ताच्या उपयोजनावर उभे होते. म्हणजे त्या विद्येच्या उगमाशी बसून शिकलेला अभियंता भारतात होता. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. पुढे कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली ‘मारुत’ हे लढाऊ विमान आकाराला आले. त्यासाठी बंगळूरला आधी पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर बांधून १९५९ पासून त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. किकुहारांच्या प्रायोगिक विमानाशी या ग्लायडरचे नाते उघड आहे. दोन्ही ठिकाणी मुख्य नमुन्याआधी प्रश्न विचारणारे एक स्वस्त साधन निर्माण केले गेले. पद्धत भारतालाही ठाऊक होती.

मारुतचा नमुना १७ जून १९६१ रोजी उडाला. त्याचे अंग स्वनातीत वेगासाठी आखलेले होते, पण त्या तोडीचे इंजिन त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ च्या परवान्याचा करार झाला. चीनशी झालेल्या युद्धानंतर संरक्षणाची निकड तीव्र झाली. नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण पुढच्याच वर्षी नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर अविरोध निवडून गेले. १९६४ मध्ये मिग प्रकल्पाची विभागणी होऊन विमानाचे अंग नाशिकला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला, असे चित्र तयार झाले. ज्या १९६२ मध्ये जपानी अभियंते अमेरिकी विमानाची चिरफाड करून त्यातून आपला प्रश्न शोधत होते, त्याच वर्षी भारताने दुसऱ्याच्या तयार उत्तराचा स्वीकार केला.

हा स्वीकार चुकीचा होता, असे येथे सुचवायचे नाही. देशाला विमाने तातडीने आणि मोठ्या संख्येने हवी होती. १९७१ च्या युद्धात मिग-२१ ने आपली उपयुक्तता सिद्ध केली. पीएस-१, यूएस-१ आणि यूएस-२ ही सारी विमाने मिळून शंभरीही गाठत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही देशांच्या गरजा किती भिन्न होत्या, हे कळते. दोष आहे तो अन्यत्र. मारुतवर तयार झालेली आरेखनाची परंपरा पुढच्या लढाऊ विमानाकडे अखंडपणे गेली नाही. मारुतच्या पहिल्या उड्डाणानंतर ‘तेजस’च्या प्रायोगिक विमानाचे पहिले उड्डाण होईपर्यंत, म्हणजे ४ जानेवारी २००१ पर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षे लोटली. जपानी उडत्या नौकेच्या वंशात १९६७, १९७४ आणि २००३ ही सालेही एकमेकांच्या फार जवळ नाहीत; पण प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीचे बूड, पंख आणि चुका वारशाने मिळाल्या. मारुतच्या बाबतीत तिसरी कसोटी फसली.

ओझरने काय शिकले?

परवान्याखालील बांधणीत शिकणे होत नाही, हे विधानही तपासून घेतले पाहिजे. मिगच्या बांधणीची सुरुवात तयार भागांच्या जोडणीपासून झाली आणि क्रमाक्रमाने कच्च्या मालापासून विमान तयार करण्यापर्यंत मजल गेली. सुखोईच्या बाबतीतही हीच पायऱ्यांची रीत अवलंबली गेली. धातूचे काम, साचे, तपासणीची शिस्त आणि कुशल कामगारांच्या पिढ्या हे या प्रक्रियेचे खरे उत्पन्न होय. परंतु कच्च्या मालापासून विमान बांधणाऱ्यालाही एखादी फासळी अमुक जाडीचीच का, याचे उत्तर रेखाचित्रात मिळत नाही. रेखाचित्र निर्णय सांगते. निर्णयामागचे फसलेले पर्याय सांगत नाही. ते पर्याय मूळ आरेखकाच्या टिपणवहीत राहतात आणि परवान्याबरोबर त्या वह्या येत नाहीत.

ओझरला या वह्या स्वतः लिहिण्याची संधी मिळाली ती विमानांत बदल करण्याच्या निमित्ताने. येथील संशोधन व आरेखन केंद्राने जुन्या विमानांच्या अद्ययावतीकरणाचे काम केले. ब्राह्मोस क्षेपणास्त्र सुखोईवर बसवण्याचे काम त्यांत विशेष महत्त्वाचे ठरते. सुमारे अडीच टन वजनाचे अस्त्र विमानाच्या पोटाखाली वाहायचे, तर अंगातील ताण कोठे वाढतील, विमानाचा तोल कसा राहील आणि अस्त्र सुटताच काय होईल, हे प्रश्न कोणत्याही परवान्यात सुटलेले नव्हते. क्षेपणास्त्रासह सुखोईचे पहिले उड्डाण २५ जून २०१६ रोजी नाशिकच्या हवाईतळावरून झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रत्यक्ष प्रक्षेपणही यशस्वी झाले. नवे विमान न घडवताही नमुन्याची शिस्त अंगी बाणवता येते, याचे हे उदाहरण आहे. ‘नुसती जोडणी’ म्हणणाऱ्यांनी ते विचारात घ्यावयास हवे.

यूएस-२ चा प्रस्ताव : एक फेरविचार

या पार्श्वभूमीवर यूएस-२ च्या प्रस्तावाकडे पाहिले म्हणजे त्याची उणीव ध्यानात येते. २०१३ मध्ये भारत व जपान यांनी या विमानासाठी संयुक्त कार्यगट नेमला. बारा विमानांची चर्चा झाली. २०१८ मध्ये शिनमायवा आणि महिंद्र डिफेन्स यांच्यात सामंजस्य करारही झाला. खरेदीचा करार मात्र झाला नाही. चर्चेचा बहुतेक भर किमतीवर आणि किती भाग भारतात तयार होतील, यावर राहिला. बारा विमानांसाठी जोडणीची साखळी उभारून भारताला नेमके कोणते ज्ञान मिळेल, हा प्रश्न मागे पडला. उडत्या नौकेचे मर्म तिच्या जोडणीत नाही. ते जलकुंडातील प्रारूपांत, तुषारांच्या छायाचित्रांत आणि लाटांवर घेतलेल्या चाचण्यांच्या नोंदींत आहे.

उभयचर विमानाला चाके असल्याने ते समुद्रापासून दूर असलेल्या ठिकाणीही बांधता येते. म्हणून बांधणीपुरते ओझर अपात्र नाही. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या शांत पाण्यावर अशा विमानाचे उठणे-बसणे एक वेळ तपासता येईल. पण तीन मीटरच्या लाटेचा आणि खाऱ्या पाण्याने गंजणाऱ्या धातूचा प्रश्न धरणाच्या पाण्याला विचारता येत नाही. त्यासाठी समुद्रच हवा. विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत प्रारूपे ओढून तपासण्याचे लांब जलकुंड आहे, बंगळूरला वातबोगदे आहेत आणि ओझरला बांधणीचे कौशल्य आहे. ही साधने एका प्रश्नाभोवती एकत्र आणणारा प्रकल्प नाही. घाटग्यांच्या काळी हीच उणीव होती आणि ती अद्याप पुरती भरून निघालेली नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, स्वतंत्र निर्मिती आणि परवान्याखालील निर्मिती असे सरळ द्वंद्व उभे करणे युक्त नव्हे. जपानने दोन्ही मार्ग वापरले, भारतानेही वापरले. भेद पडला तो सातत्यात. एका फसलेल्या पाणबुडीशोधक विमानातून जपानला बचावविमान मिळाले, कारण ते घडवणारी माणसे आणि त्यांच्या नोंदी एकत्र राहिल्या.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए विमानाने उड्डाण केले आणि त्याच दिवशी एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या तेथील उत्पादन-साखळीचेही उद्घाटन झाले. दोन्ही विमानांचे नमुने बंगळूरला घडले आहेत. त्या अर्थाने ओझरची भूमिका आजही बांधणाऱ्याचीच आहे. पण आता एखादा भाग जुळत नसेल, तर त्यामागचे कारण विचारण्यासाठी मॉस्कोकडे पाहावे लागणार नाही. कारागिराची शंका आरेखकापर्यंत जाईल आणि आरेखनात बदल होऊन परत येईल, अशी सोय प्रथमच मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाली आहे. ही सोय वापरली जाते की नाही, यावर ओझरचे पुढील मूल्यमापन अवलंबून राहील. किती विमाने बाहेर पडली, याची मोजदाद होईलच. त्याबरोबरच किती शंका परत गेल्या आणि त्यांतील किती नोंदल्या गेल्या, याचीही मोजदाद ठेवली गेली, तर उद्या उडती नौका असो वा अन्य कोणते यंत्र, त्याचा पहिला प्रश्न नाशिकच्या भूमीवरही विचारला जाऊ शकेल.